पियानोच्या डाव्या बाजूची खुर्ची

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको. तरीही गेली बावीस वर्षं मी पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांच्या मैफलींत, लोकांसमोर बसत आलो आहे. माझी खुर्ची पियानोच्या डाव्या बाजूला, वाजवणारीच्या किंचित मागे. वाजवणारी म्हणजे माझी बायको. समोर छापील संगीताची पानं असतात आणि तिचे दोन्ही हात कामात असतात. तिने मान जराशी खाली केली की मी उठायचं, डाव्या हाताने उजवीकडच्या पानाचा वरचा कोपरा धरायचा, पान उलटायचं आणि परत बसायचं. एवढंच माझं काम. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव कधी आलं नाही, आणि येऊ नये अशीच रीत आहे.

कामाचे नियम मात्र सरकारी टेंडरपेक्षा कडक. मनगटावर घड्याळ नको, खिशात किल्ल्या नकोत, शर्ट गडद हवा, डोक्याला वासाचं तेल नको. एकदा माझे नवे बूट करकरले, तेव्हा तिने सगळ्यांदेखत ते काढायला लावले आणि पूर्ण कार्यक्रमभर मी मोज्यांवर उठबस केली. यवतमाळहून माझा धाकटा भाऊ एकदा ऐकायला आला होता. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, "दादा, दोन घंटे बसून तू निस्ती पानं उलटवली. आमच्याकडे पंखा लावला तरी उलटतेत." अजूनही फोन केला की तो आधी पंख्याची खुशाली विचारतो.

मी मूळचा त्याच बाजूचा. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीवर लागलो आणि पुण्यात आलो. आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या मिरवणुकीला बँड यायचा, तेवढीच माझी वाद्यसंगीताशी ओळख. तिचे वडील खडकवासल्याला लष्कराच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने या मुलीची बोटं पाहिली आणि तिला स्वतःच्या पियानोवर बसवलं. त्यांची बदली झाली तेव्हा ती बाई पियानो हिच्यासाठीच ठेवून गेली. मी मुलगी बघायला त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो तर पोह्यांच्या बशा पियानोवर मांडल्या होत्या, कारण दुसरं टेबल मावायला खोलीत जागा नव्हती. मी भीत भीत म्हटलं की काहीतरी वाजवून दाखवा. तर म्हणाली, आज मला बघायला आला आहात, ऐकायला नाही. मला ती तिथल्या तिथे आवडली.

मैफलींचे कर्तेधर्ते म्हणजे व्हायोलिन वाजवणारे डॉक्टर. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. जन्म कॅम्पातला, जीभ मात्र पेठेतली. कॅम्पातलं वाद्यांचं एक जुनं दुकान बंद झालं तेव्हा तिथल्या छापील संगीताची एक पेटी त्यांनी उचलून आणली होती. त्यात वरच्या थरात सगळ्या जगाला ठाऊक असलेली मंडळी होती, आणि त्यांच्याखाली असे काही संगीतकार दबले होते की ज्यांचं नावसुद्धा डॉक्टरांनी कधी ऐकलं नव्हतं. युरोपातल्या कुठल्याशा लहान गावात आयुष्यभर चर्चचा ऑर्गन वाजवलेला एक माणूस, नवऱ्याच्या नावाने छापून आलेली एक बाई, तिशीतच गेलेला एक शाळामास्तर. डॉक्टरांनी नियम केला. महिन्याला एक कार्यक्रम, प्रत्येक कार्यक्रमात दोनच रचना. एक प्रसिद्ध माणसाची, एक विसरलेल्याची.

नियम चांगला होता, पण ऐकणारे पुण्याचे होते. प्रसिद्ध आधी वाजवलं की चहा पिऊन निम्मा हॉल स्वारगेटची बस गाठायला निघून जायचा. म्हणून डॉक्टरांनी विसरलेला आधी घेतला, तर लोक थेट चहाच्या वेळेला उगवायला लागले. शेवटी दारावर पाटी लागली: 'दार बरोबर साडेपाच वाजता बंद होईल. प्रसिद्ध संगीतकार ऐकायलाही याच दाराने यावे लागते.' तेव्हापासून सगळे वेळेवर येतात आणि चहाच्या वेळी त्या पाटीला नावं ठेवतात. विसरलेल्याची ओळख करून देताना डॉक्टर अजूनही दाढ काढण्यापूर्वीच्या आवाजात सांगतात की फार वेळ लागणार नाही.

पहिली काही वर्षं मी फक्त तिच्या मानेकडे बघून पानं उलटली. पण एखादी रचना लोकांपुढे येण्याआधी ती घरात शंभर वेळा वाजते. मी मेथी निवडत असतो, पेपर वाचत असतो, कपड्यांच्या घड्या घालत असतो, आणि शेजारी तेच पान पुन्हा पुन्हा. कानावर पडून पडून मला पानाचा शेवट ऐकू यायला लागला. शिवाय जन्म नकाशे काढण्यात गेलेला. सूर वाचता येत नसले तरी कागद वाचता येतो. काळ्या ठिपक्यांची दाटी कुठे आहे, कुठे पान मोकळं होतं, हे बघून ती कुठल्या ओळीवर आहे ते मला समजायचं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या अज्ञानावर तिचा फार विश्वास होता, तो कशाला मोडा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या कार्यक्रमात तिने मान खाली केली आणि मी उठलो नाही. पान संपायला दोन ओळी बाकी होत्या. ती वाजवत राहिली, पान खरोखर संपत आलं तेव्हा मी उठून उलटलं आणि सगळं सुरळीत पार पडलं. वाटलं, दमली असेल. पुढच्या महिन्यात तिचा इशारा मी पान उलटल्यानंतर आला. त्याच्या पुढच्या वेळी एकाच पानावर दोनदा. खरं सांगायचं तर घरात हे आधीच सुरू झालं होतं. भाजीत दोनदा मीठ, नातीला फोन करून पुन्हा तोच प्रश्न, वाळत घातलेले कपडे परत धुवायला. मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने ते नीट काढलं आणि शाळेतल्या मुलीसारखी खूश झाली. मग त्यांनी मला एकट्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं की ही सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाईल, ज्यात त्यांना आनंद आहे ते जमेल तितके दिवस करू द्या. परत येताना रिक्षात तिने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी तिच्या मानेकडे बघणं सोडलं आणि कानाने पानं उलटायला लागलो. पियानो सुटला तर तिच्यापाशी काय उरेल, हा विचार मला सोसत नव्हता. तिला कळू न देता, इतर कुणाला कळू न देता, जितके दिवस ती वाजवू शकेल तितके दिवस तिला वाजवू द्यायचं, एवढं एकच मी मनाशी धरून होतो.

यात प्रसिद्ध माणसांची मला भीती वाटायला लागली. त्यांचं संगीत अर्ध्या हॉलला पाठ. पहिल्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसतात. ते सगळा वेळ आपल्या मांडीवर बोटांनी वाजवत असतात, आणि इकडे जरा काही चुकलं की त्यांची बोटं थबकतात. मला ती माझ्या खुर्चीवरून दिसायची. विसरलेल्याच्या बाबतीत हा धाक नव्हता. त्याचं रेकॉर्डिंग नाही, मोबाइलवर शोधलं तरी सापडत नाही, हॉलमध्ये कुणी ते कधी ऐकलेलं नाही. हिच्या हातून एखादी ओळ गळली तरी लोकांना वाटायचं की मुळातच ते असं आहे. पूर्वी मला या विसरलेल्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. आता पूर्वार्ध आला की माझे खांदे सैल पडायचे. हेच पुढे अंगाशी आलं.

चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन. ते वाजवणारी मुलगी खराडीला आयटीत नोकरी करते. आमच्यात ती एकटीच चाळिशीच्या आतली. डिसेंबरात तिने एक तोडगा काढला. "काका, आता टॅब्लेट असतो ना, त्याला खाली एक छोटं पेडल असतं. काकूंनी पायाने टॅप केलं की पेज टर्न. सिम्पल." डॉक्टर म्हणाले, "आणि यांना कुठे ठेवायचं? खाली वाचनालयात, संदर्भ विभागात?" मी त्या पेडलला असा काही कडाडून विरोध केला की सगळ्यांची खात्रीच पटली, म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही. त्यावरून पुढे चांगली टिंगल झाली. मी होऊ दिली. पेडल सांगितल्याबरोबर पान उलटतं, आणि मला नेमकं तेच नको होतं. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

मुलाने मांजरीला फ्लॅट घेतला आणि सहकारनगरचं भाड्याचं घर सोडून आम्ही तिकडे राहायला गेलो. मुलगा स्वतः बंगळूरला, आम्ही राखणदार. बाल्कनीतून ऊस दिसतो आणि उसाच्या पलीकडे आमच्यासारखीच दुसरी इमारत. मांजरीहून कॅम्पात जायचं म्हणजे हडपसरचा रस्ता आला. साडेपाचच्या कार्यक्रमाला आम्ही अडीचला निघतो. पानांची पिशवी माझ्या खांद्याला, तीत पाण्याची बाटली, तिच्या गोळ्या, माझ्या गोळ्या, तिची शाल. बसमध्ये चढताना तिचा हात धरायचा, उतरताना पिशवी सांभाळायची, आणि मधल्या वेळात आपण कुठे चाललो आहोत हे दोन-तीनदा सांगायचं. घरी गॅस बघायचा, नळ बघायचा, दाराची कडी बघायची. पहाटे ती उठून पियानोपाशी जाऊन बसते, शेजाऱ्यांची तक्रार यायला नको म्हणून मीही उठायचं. मी दमलोय, असं तेव्हा मी कुणाला म्हणत नव्हतो. इथे म्हणतो. मी फार दमलो होतो. कधी कधी तिचा राग यायचा, राग आला की स्वतःची लाज वाटायची, आणि या दोन्हींत दिवस मावळायचा.

या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पूर्वार्धात त्या ऑर्गन वाजवणाऱ्याची रचना होती. तिघांसाठी म्हणून त्याची पेटीत सापडलेली एकुलती एक. तिचा दुसरा भाग संथ आहे आणि त्याची सुरुवात पियानो एकटाच करतो, चांगली तीनेक पानं. व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे तोवर वाद्यं नुसती धरून बसायचे. त्या दिवशी हडपसरला रस्ता खणलेला होता. बसमध्ये तिला जागा मिळाली, मी दीड तास दांड्याला लोंबकळून आलो होतो. पहिला भाग ठीक गेला. दुसरा सुरू झाला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन माझ्या गुडघ्यांवर येत होतं आणि ती वाजवत होती.

ते मी घरी कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण घरी माझ्या हाताला काहीतरी काम असायचं, आणि हॉलमध्ये सगळं लक्ष पानाच्या शेवटाकडे. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसतं ऐकलं. फार साधी चाल होती. दोन पावलं पुढे जायची, एक मागे यायची, कुठे पोचायची घाई नाही. ज्याला पुढे कुणी विचारलं नाही अशा माणसाने हे लिहून ठेवलं होतं, आणि ते माझ्या बायकोच्या हातांतून येत होतं. मला यवतमाळचं घर आठवलं. दुपारची भांडी घासून झाल्यावर आई ओट्याला पाठ लावून बसायची, ते आठवलं. मी डोळे मिटले. झोपलो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. डॉक्टर आजही मानत नाहीत.

मग एकदम सगळं शांत झालं.

डोळे उघडले तर तिचे हात पट्ट्यांवर तसेच होते आणि ती माझ्याकडे बघत होती. पानाकडे नाही, माझ्याकडे. पान केव्हाच संपलं होतं. मी धडपडत उठलो, घाईत दोन पानं एकदम चिमटीत आली आणि तशीच उलटली गेली. समोर जे आलं तिथून तिने सुरुवात केली. डॉक्टरांनी क्षणभर पाहिलं, व्हायोलिन उचललं आणि तिला तिथेच जाऊन गाठलं. चेलोवालीही मागोमाग आली. मधलं एक अख्खं पान गळलं. हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. टाळ्या उलट नेहमीपेक्षा जास्त पडल्या. प्राध्यापक मुद्दाम उठून आले आणि म्हणाले की ती मधली स्तब्धता विलक्षण होती, असं लिहायला हिंमत लागते.

लोक चहाला खाली गेले. हॉलच्या मागे जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांची खोली आहे, तिथे आम्ही दोघंच बसलो. मी तिच्यासाठी चहा आणला. तिने कप हातात धरला पण प्यायली नाही. मी म्हटलं की चूक माझी, जरा गुंगी आली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण भीतीने म्हणा, दमल्यामुळे म्हणा, मी पुढे बोललो.

"तूही मान हलवली नाहीस."

तिने कप खाली ठेवला. मग संध्याकाळी भाजी काय आणायची ते सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "अहो, मला नाही कळत आता पान कुठे संपतं. तुम्ही खुर्चीतून उठता ना, तेव्हा मला कळतं. मान मी अशीच हलवते, अंदाजाने. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

कधीपासून, असं मी विचारलं. तर म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून. त्या कार्यक्रमात तिने मान हलवली आणि मी उठलो नाही, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं की आपलं चुकलंय आणि यांना पान कळतंय. मेंदूच्या डॉक्टरांनी पॅसेजमध्ये काय सांगितलं असेल तेही तिने ओळखलं होतं. परत येताना रिक्षात मी तिची पर्स माझ्या मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, त्यावरून. मग बोलली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली की तुम्ही आधीच इतके दमलेले दिसता. म्हणजे चार महिने आम्ही दोघं एकाच घरात, एकाच पियानोपाशी बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं आणि मी रडलो. तिने आपला चहा माझ्यापुढे सरकवला.

तेवढ्यात डॉक्टर उत्तरार्धाचं विचारायला आले, त्यांच्यामागे चेलोवाली. उत्तरार्धात त्या दिवशी अशी रचना होती की प्राध्यापकच काय, जिन्यावरच्या पहारेकऱ्यालाही ती ऐकून ऐकून पाठ झाली असेल. मी म्हणायला लागलो की हिला बरं वाटत नाहीये, आम्ही घरी जातो. तिने मला थांबवलं.

"डॉक्टर, त्या मोठ्या माणसाचं आज राहू द्या," ती म्हणाली. "त्याला वाजवणारे पुष्कळ आहेत. या बिचाऱ्याचं एक पान आज राहून गेलं. ते मला वाजवायचंय. मला आठवतंय तोवर."

डॉक्टर म्हणाले की अशाने नियम मोडतो. मग चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांनी विचारलं, काय झालंय तुम्हाला. तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी इतके महिने ज्याच्यासाठी शब्द शोधत होतो ते तिने साखर संपली म्हणावं तसं सांगितलं. डॉक्टरांना काही टोचून बोलता आलं नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चेलोवालीने पुढे येऊन हिच्या खांद्यावरची शाल सारखी केली, आणि मला म्हणाली, "सॉरी काका, त्या पेडलबद्दल."

डॉक्टरांनी हॉलमध्ये जाहीर केलं की उत्तरार्धात पूर्वार्धच पुन्हा होईल; ज्यांना हे चालणार नसेल त्यांच्यासाठी दार उघडं आहे, आज पाटी लागू नाही. थोडे लोक उठून गेले. मग ती स्वतः उभी राहिली. पियानोला हात टेकून तिने लोकांना सांगितलं की मघाशी एक पान गळलं, आणि ती मधली शांतता संगीतकाराची नव्हती, तिची स्वतःची होती. ऐकलंत ते अपुरं होतं, म्हणून सगळं पहिल्यापासून वाजवते. प्राध्यापक आपल्या चपलांकडे बघत बसले. पण गेले नाहीत.

बसताना तिने मला खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. बावीस वर्षं मी तिच्या मागे बसलो होतो. आता तिच्या शेजारी, मान न वळवता तिला दिसेन असा बसलो. तिने एकदाही मान हलवली नाही. पान संपायला एक ओळ उरली की मी उठून उभा राहायचो. तिला ते दिसायचं, तिचे हात किंचित सावरायचे आणि पुढच्या पानावर जायचे. लोकांना काय दिसत असेल ते दिसो, असं मी पहिल्यांदाच ठरवलं. दुसऱ्या भागात ते गळलेलं पान आलं. त्या पानावर पियानोखालून चेलो पहिल्यांदा येतो, इतका हळू की तो कधी आला ते कळत नाही, आणि मग व्हायोलिन. मघाशी आम्ही नेमकं तेवढंच टाकून पुढे गेलो होतो. मी तिच्या बोटांकडे बघत उभाच राहिलो, बसायचं सुचलं नाही.

तिसरा भाग जलद आहे. त्यात पानं पटापट येतात, माझी दमछाक होते, आणि त्या दिवशीही झाली. शेवटची ओळ आली, तिघांनी एकदम शेवटचा स्वर वाजवला, डॉक्टरांचा गज वर गेला आणि वरच राहिला.

तिचे हात मात्र पट्ट्यांवर होते. ती माझ्याकडे बघत होती. मी उठायची वाट बघत होती. समोर उलटायला पान नव्हतं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी खुर्चीतूनच वाकून तिच्या कानाशी गेलो.

"संपलं गं," मी म्हटलं.

मग तिने हात उचलून मांडीवर ठेवले, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.